लाकूड बदलून पाहावं

रविवार, २ फेब्रुवारी

माझं युकुलेले मेलं. हळूहळू मेलं असणार, पण मला आज कळलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी आमचा युकुलेले वाजवणाऱ्यांचा कंपू जमतो. सगळे पन्नाशीपुढचे आणि सगळेच हौशी. आज एका सोप्या गाण्याची सुरुवात माझ्याकडे होती. मी बारीक तार छेडली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. हीच तार पूर्वी कशी खणकन उठायची. मी जोरजोरात मारून पाहिली. शेजारी बसलेली शिक्षिका दचकून माझ्याकडे बघायला लागली.

दोष लाकडाचाच. गिटारच्या धाकट्या बहिणीसारखं, चार तारांचं हे प्लायचं वाद्य, पहिल्या हौसेत घेतलेलं. प्लायचा आवाज म्हणे वर्षांनी खुलत नाही, नुसता म्हातारा होतो. कॅप्टन म्हणाला, "वाद्याला काय झालंय? मला तर बरं वाटतंय." हा कॅप्टन कुठल्याही जहाजावर नव्हता, आयुष्यभर विम्याच्या कचेरीत होता, पण हुकूम सोडतो म्हणून ते नाव पडलं. त्याला काय, तो स्वतःच्याच गळ्यावर खूश असतो.

ठरवलं, नवं घ्यायचं. सलग लाकडाचं. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडात वाकून पाहत पाठीचा कणा झिजवायचा, तर एवढं आपल्यासाठी करायला हरकत नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान हलवली. हल्ली एवढंच करतात. लेक लग्न होऊन गेल्यापासून तर आमच्या घरात बोलण्यावर कर बसल्यासारखं झालंय. जे काही बोलतात ते तोंडातल्या तोंडात, आणि दोनदा विचारलं की "राहू दे". साठीला टेकलेला पुरुष असाच होतो का, हे कुणाला विचारावं. जाऊ दे. पाठ दुखतेय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दवाखान्यात नवं ड्रिल आलं. विकणारा म्हणाला होता की ह्याचा आवाज निम्मा आहे. हे लोक कुठे खरं बोलतात, पण हा बोलला. चालू केलं तर डास गुणगुणावा तेवढंही नाही. मी ताईला म्हटलं, "बघ, किती शांत आहे." ताई माझी मदतनीस. लेक शाळेत होती तेव्हापासून माझ्याकडे आहे, हात सोन्याचा. ती मास्कमागून काहीतरी पुटपुटली आणि कपाळाला आठी घातली. आमच्या धंद्यात मास्कमागून बोलायची सवय जन्माची, पण ताई अलीकडे फारच पुटपुटते. बहुतेक दमलीये. मीही दमलेय. दोघी दमल्या की चिडचिड होते, तेवढंच.

दुपारी एका धट्ट्याकट्ट्या माणसाने ड्रिल सुरू होताच दोन्ही कानांत बोटं घातली. लोकांच्या कानात ड्रिल नसतं, डोक्यात असतं. मी त्याला तसं सांगितलंही. तो बिचारा तोंड उघडं ठेवून काय बोलणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज वाद्यांच्या दुकानात गेलो. हे आले होते. मी "चला" म्हटलं, ह्यांनी मान हलवली, आणि आले.

दुकानवाली बाई माझ्याच वयाची, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. तिने टेबलावर जाड कापड अंथरलं आणि एकाच मापाची चार वाद्यं ओळीने ठेवली, म्हणजे फरक फक्त लाकडाचा उरावा. महोगनी, कोआ, सीडर, स्प्रूस. एकेकाच्या वरच्या फळीवर बोटाने टकटक करत ती सांगत होती. महोगनी तांबूस, आवाजाला गोलाई, कडा कमी, साथीला उत्तम. कोआ मधाळ, मधले सूर पुढे येतात, वर्षागणिक खुलत जातो, म्हणून लोक वेडे होतात त्याच्यासाठी. सीडर मऊ लाकूड, हलक्या बोटालाही लगेच बोलतं. आणि स्प्रूस सगळ्यांत लख्ख. "स्प्रूस वाजवला की मागच्या बाकावरच्यालाही स्वर वेगवेगळा मोजता येतो," असं म्हणाली. निदान मला तरी तसंच ऐकू आलं, नक्की सांगता येत नाही, कारण ती बोलताना सारखी वाद्याकडे बघत होती.

मी सगळी वाजवून पाहिली. महोगनी चांगलं. खरंच चांगलं, पोटातून आल्यासारखं. कोआ जवळपास तसंच. सीडरही तसंच. आणि तो लख्ख स्प्रूस? महोगनीचा धाकटा भाऊ, तोही आजारी. मी बाईला विचारलं, "हा नक्की सलग लाकडाचा आहे ना?" तिचा चेहरा पडला. तिने आवाजाच्या छिद्रातून फळीची कड दाखवली, रेषा वरून खाली सरळ गेलेल्या. तेवढ्यात हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हा किती खणखणीत आहे. चारांत वेगळा कळतो."

ही ह्यांची नवीन खोड. बोलायचं झालं की समोर येऊन उभं राहायचं, थेट तोंडाकडे बघत, मला कोर्टात उभं केल्यासारखं. आणि ह्यांना युकुलेलेतलं काय कळतं? उभं आयुष्य प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले. बाईला बरं वाटावं म्हणून बोलले असणार.

बाई समजूतदार निघाली. म्हणाली, दुकानात गोंगाट असतो, दोन घेऊन जा, आठवडाभर घरी वाजवा आणि मग ठरवा. महोगनी आणि स्प्रूस आणलीत.

रविवार, ९ फेब्रुवारी

कंपूला दांडी मारली. घरीच परीक्षा घेतली. मी खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले आणि ह्यांना म्हटलं, "कुठलंही उचला, चारी तारा एकेक करून छेडा, मी सांगते कुठलं." ह्यांनी मुकाट्याने केलं. मी उत्तरं देत गेले. शेवटी वळून विचारलं, "किती बरोबर?"

ह्यांनी दोन्ही वाद्यं खाली ठेवली. मग म्हणाले, "थोडी बरोबर आली."

"थोडी म्हणजे?"

"नाणं उडवलं असतं तरी तेवढी आली असती."

ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. दोन्ही वाद्यांत फरकच नाही. लाकडाच्या नावावर नुसती भाषणबाजी. मी तसं म्हटल्यावर हे बराच वेळ स्प्रूस मांडीवर घेऊन बसले होते. एकच तार हलकेच वाजवत होते, पुन्हा पुन्हा, माझ्याकडे बघत. मला वाटलं, शिकायचं असेल. विचारलं तर "राहू दे".

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज पेशंट संपता संपेनात. घरी आले तेव्हा पायांत शिसं भरल्यासारखं झालं होतं. तरी जेवणानंतर तारांचा प्रयोग केला. दुकानवाल्या बाईने फोनवर सुचवलं होतं की नायलॉनपेक्षा फ्लुरोकार्बनच्या तारा जास्त उजळ बोलतात. बदलून बघू, लाकडाचा दोष की तारांचा, ते तरी कळेल. मी खुंट्यांवर तारा गुंडाळत होते, हे पाकिटं उलगडत होते. बरं चाललं होतं. तेवढ्यात मान खाली घालून मला विचारतात, "खात्री आहे का?"

मी म्हटलं, "खात्री असती तर अशी एकेक तार बदलत बसले असते का? तुम्हाला माझ्या प्रत्येक गोष्टीत शंका."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, ड्रॉवरमधून कात्री आणली आणि तारांची टोकं कापून दिली. वादसुद्धा घालत नाहीत. वाद घालणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

नंतर मी भांडी धुवत होते. नळ मोठा सोडला होता. हे मागे उभं राहून काही सांगत होते, प्रयोगशाळेचं काहीतरी, धरणाजवळचं काहीतरी. बराच वेळ बोलले, त्यांच्या मानाने भाषणच. सगळं लागलं नाही, पण चेहरा उत्साही होता, म्हणून मी म्हटलं, "चांगलं आहे की."

"नक्की?"

"हो, चांगलंच आहे."

हे थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग झोपायला गेले. बरं वाटलं. आमचं एक संभाषण बऱ्याच दिवसांनी "राहू दे"शिवाय पार पडलं.

नव्या तारांनीही स्प्रूस उठला नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

काल दोन्ही वाद्यं परत दिली. बाईला म्हटलं, विचार करून सांगते. ती म्हणाली, घाई नाही.

आज कंपूत कॅप्टनने सुरुवातीची ओळ माझ्याकडून काढून शिक्षिकेला दिली. सगळ्यांसमोर. मी कारण विचारलं. तो आधी ह्या पायावरून त्या पायावर झाला, मग म्हणाला, "तू पुढे पळतेस. आम्ही थांबतो तिथे थांबत नाहीस. आणि हल्ली इतकं जोरात वाजवतेस की बाकीच्यांचं कळतच नाही."

"बाकीचेच हळू वाजवतात."

"सगळेच?" कॅप्टन म्हणाला.

शिक्षिका खाली बघत होती. मला कुणाचा राग आला हे मलाच कळलं नाही. उरलेला वेळ मी नुसत्या मात्रा धरत बसले, त्यांच्या हातांकडे बघून. हातांकडे बघितलं की चुकत नाही, एवढं मात्र लक्षात आलं. जिन्यावरून उतरताना वाटलं, सोडून द्यावं हे सगळं. नवं वाद्य कुणासाठी घ्यायचं?

गुरुवार, २० फेब्रुवारी

लिहू की नको, असं झालंय. पण इथे खरं लिहायचं नाही तर मग कुठे.

आज दुपारी एका तरुण मुलीची दाढ उघडायची होती. आम्ही दातांना आकड्यांनी ओळखतो. डावीकडची वरची पहिली दाढ सव्वीस, तिच्या बरोबर खालची छत्तीस. ताईने एक्स-रे बघून आकडा सांगितला. मी ऐकला, सुई भरली आणि वरच्या जबड्यात दिली. ताईने माझा हात धरला. एवढ्या वर्षांत तिने माझा हात कधी धरलेला नाही.

"डॉक्टर, छत्तीस."

"तू सव्वीस म्हणालीस."

"छत्तीस म्हणाले. दोनदा म्हणाले."

मुलगी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला समजावलं, माफी मागितली, खाली पुन्हा सुई दिली, काम नीट झालं. दाताला धक्का लागला नाही. वरचा ओठ तेवढा संध्याकाळपर्यंत बधिर राहिला असेल. ती हसून गेली. ताईने हात धरला नसता तर ती हसत गेली नसती. मी चांगला दात कोरला असता.

ती गेल्यावर मी ताईला नको तेवढं बोलले. मोठ्याने बोल, स्पष्ट बोल, मास्कमागे बडबडू नकोस. तिने हातमोजे काढले. मग आत गेली आणि एक छोटी पांढरी पाटी आणि पेन घेऊन आली. पुढच्या पेशंटच्या वेळी तिने आकडा बोलून दाखवला आणि पाटीवर लिहूनही दाखवला. मला अपमान वाटला. ती म्हणाली, "राहू द्या तुमचा राग, मला चालेल. पण पाटी राहणार."

आम्ही दोघी फार थकलोय. सुट्टी घ्यायला हवी.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

घरी आले तर पलंगावर मोठी बॅग उघडी, आणि हे कपाटातून गरम कपडे काढतायत.

"कुठे निघालात?"

हे हातात स्वेटर घेऊनच वळले. मग समोर आले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "धरणावरची नवी प्रयोगशाळा. वर्षभर. मला तिथे उभी करून द्यायची आहे. पुढच्या महिन्यात जायचंय."

मी म्हटलं, "मला विचारलंही नाहीत."

"विचारलं."

"कधी?"

"तू भांडी धुवत होतीस. मी म्हटलं, मागितलं तर मिळेल, पण तुला एकटं राहावं लागेल, तुझं काय मत आहे. तू म्हणालीस, चांगलं आहे. मी नक्की म्हणून विचारलं. तू म्हणालीस, चांगलंच आहे."

मी पलंगाच्या कडेवर, बॅगेशेजारी बसले. सांगावंसं वाटलं की नळ चालू होता. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. वर्षभर हा माणूस जवळ नसणं हे मला चांगलं वाटतं, असं समजून तो इतके दिवस माझ्याशेजारी जेवला, झोपला.

मी म्हटलं, "मला ऐकू आलं नव्हतं."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं. ह्यांनी हातातला स्वेटर खाली ठेवला. पण ह्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आमच्या दवाखान्याच्या इमारतीतच खालच्या मजल्यावर कानाचा डॉक्टर आहे. इतकी वर्षं लिफ्टमध्ये एकमेकांना नमस्कार केला. त्याने मला दात दाखवले नाहीत, मी त्याला कान दाखवले नाहीत. आज दाखवले.

त्याच्या तंत्रज्ञ मुलीने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड गोल चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असो. सुरुवातीचे सगळे आवाज आले. मी खुशीत दाबत होते, शाळेतल्या हुशार मुलीसारखी. मग काहीच येईना. वाटलं, यंत्र थांबलं असेल, ती काही नोंद करत असेल. म्हणून काचेतून पाहिलं. तिचा हात चालू होता. कळ फिरवत होती, दाबत होती, माझ्याकडे बघत होती, पुन्हा दाबत होती. ती मला आवाज पाठवत होती.

मी बटण धरून तशीच बसले.

डॉक्टरने आलेख दाखवला. डावीकडे बरा आणि मग घसरगुंडी. म्हणाला, "खालचे सूर चांगले आहेत. वरचे गेलेत. आणि शब्दांच्या कडा वरच राहतात. स, श, छ, त, थ, फ. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते निसटतं."

"कधीपासून?"

"वर्षं झाली असणार. इतकी वर्षं ड्रिल कानाशी, वयही आहे, नेमकं सांगता येणार नाही. घरचं कुणी काही म्हणालं नाही?"

मी म्हटलं, घरचे कमी बोलतात.

वर येऊन ताईला सांगितलं. तिने मास्क खाली केला, मला खुर्चीत बसवलं, पेशंटच्या खुर्चीत, आणि चहा दिला. म्हणाली, "नवं ड्रिल जुन्यापेक्षा मोठ्याने ओरडतं डॉक्टर. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"आधी वाटलं, तुला ऐकायचं नाही. नंतर लक्षात आलं. एकदा म्हटलंही होतं. तू म्हणालीस, माझे कान माझ्या दातांइतकेच पक्के आहेत."

म्हणाले असेन. माझ्याच तोंडचं वाटतं.

सोमवार, ३ मार्च

कानांत यंत्रं बसली. जग फार खडबडीत आहे, हे मी विसरले होते. कागद चुरगळला की वीज कडाडल्यासारखं वाटतं. चप्पल फरशीवर घासते. चमचा बशीला लागतो. ड्रिल चालू केलं आणि माझाच हात मागे आला. त्या दिवशी कानांत बोटं घातलेल्या माणसाला फोन करून माफी मागावीशी वाटली. डॉक्टर म्हणाला, कानाला सवय लागायला महिने जातील, आणि जे पार वरचं आहे ते यंत्रानेही परत येणार नाही. तेवढं गेलंच.

दुपारपर्यंत डोकं असं ठणकलं की दोन्ही यंत्रं काढून खिशात टाकली आणि ताईच्या पाटीवर काम केलं.

शनिवार, ८ मार्च

हे उद्या जाणार. बॅग दाराशी आहे.

आज जेवण झाल्यावर यंत्रं घातली, नळ बंद केला, खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "तुम्हाला तिकडे जायचं होतं का? की मिळालं म्हणून निघालात?"

हे खूप वेळ गप्प. मी मध्ये काही बोलले नाही. अवघड होतं. मला गप्प बसायची सवय नाही, हे मला आजच कळलं.

"जायचं होतं," हे म्हणाले. "तिथे चार माणसं असतील. मी काही म्हटलं तर कुणी उलट काहीतरी म्हणेल. इथे मी बोलायचो आणि ते जमिनीवर पडायचं. मग उचलत बसायचा कंटाळा यायला लागला."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार? की तू मला ऐकत नाहीस? ते बायका नवऱ्यांना सांगतात."

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरले. हेही थोडे हसले. ह्यांच्या आवाजात एक बारीक खरखर आहे, वाक्याच्या शेवटी येते. नवीन आहे की जुनीच, ते मला सांगता येणार नाही.

मी विचारलं, "आता नाही गेलात तर?"

"आता शब्द दिलाय. आणि खरं सांगू, मला ते काम करायचंय. रागाने नाही. करायचंय म्हणून. एखाद्या शनिवारी येईन. तू ये."

मला वाटलं होतं की कान दुरुस्त झाले की सगळं दुरुस्त होईल. तसं नसतं. मी "बरं" म्हटलं. ह्या वेळी काय ऐकून म्हटलं, ते मला ठाऊक होतं.

शनिवार, १५ मार्च

घर रिकामं आहे आणि फ्रिज सारखा गुणगुणतो. तो कायम गुणगुणत असणार.

दुकानात एकटी गेले. बाईला आधी माफीचं बोलले, तिच्या स्प्रूसला मी खोटं ठरवलं होतं. तिने कानांतली यंत्रं पाहिली आणि तेच कापड अंथरून तीच चार वाद्यं मांडली.

यंत्रं घालून वाजवलं. स्प्रूसवर पहिली तार छेडली आणि मी दुकानात उभ्या उभ्या डोळे मिटले. काचेच्या पेल्याच्या कडेवर नख मारावं तसा. प्रत्येक स्वर वेगळा, स्वच्छ, अंगावर येणारा. हे खरं बोलत होते, चारांत वेगळा कळत होता. सीडर त्याच्याहून नरम, पण लगेच उत्तर देणारा. कोआ गोड, थोडा लाडावलेला. महोगनी सगळ्यांत साधा. वरचं वैभव नाही, मधे भरलेला, जाड कापडात गुंडाळल्यासारखा. मागच्या वेळी ही चारी वाद्यं मला एकाच आईची लेकरं वाटली होती. चार वेगळ्या घरची होती.

बाई म्हणाली, "आता स्प्रूस न्या. आता तुम्हाला त्याची किंमत कळते."

मलाही तसंच वाटलं होतं. मग काय मनात आलं कोण जाणे, यंत्रं काढून कापडावर ठेवली आणि पुन्हा सगळी वाजवली. स्प्रूस गेला. मागच्यासारखाच, आजारी. जे मला आवडलं होतं ते त्या बारीक यंत्रातून येत होतं, आणि काही फार वरचं तर यंत्रातूनही आलं नसणार. महोगनी मात्र यंत्र घालूनही तोच होता आणि काढूनही जवळपास तोच. कमी झाला, पण बदलला नाही. छातीला टेकवून वाजवला तर बरगडीत उतरला. मी सकाळी उठल्यावर, अंघोळीनंतर, डोकं ठणकल्यावर यंत्रं काढणार. तेव्हाही वाजवायचं आहे.

"महोगनी," मी म्हटलं. "आणि वरची तार जाड लावून द्या, खालच्या सुराची."

बाईने स्प्रूसकडे एकदा पाहिलं. तिला वाईट वाटलं असावं. मलाही वाटलं. चांगली गोष्ट आपल्यासाठी नाही, हे कळेपर्यंत तिच्यावर जीव जडलेला असतो, आणि तरी ती परत ठेवावी लागते.

रविवार, १६ मार्च

कंपूत गेले. कॅप्टनला आणि शिक्षिकेला कानांचं सांगितलं. कॅप्टन म्हणाला, "म्हणजे इतके दिवस तू माझं गाणं ऐकतच नव्हतीस? म्हणूनच कौतुक करायचीस." सगळे हसले. सुरुवात शिक्षिकेकडेच राहिली, आणि ती चांगली करते. मी मागे साथ धरली. दोन गाण्यांनंतर थकले आणि लवकर निघाले.

घरी येऊन नवं वाद्य मांडीवर घेतलं. काहीतरी वाजवावं असं मनात होतं, तोच ह्यांचा फोन आला. डॉक्टरने यंत्रं फोनला जोडून दिली आहेत. आवाज दोन्ही कानांत एकदम येतो, ह्यांचं बोलणं थेट माझ्या डोक्याच्या मध्यावर. लग्नानंतर इतक्या जवळून हे कधी बोलले असतील, मला आठवत नाही.

म्हणाले, कसं आहे? मी म्हटलं, बरं आहे, तुमचं सांगा. आणि हे सांगायला लागले. प्रयोगशाळेच्या छपराला गळती आहे, नमुन्यांच्या बाटल्या झाकून ठेवाव्या लागतात. धरणाचं पाणी वरून निळं दिसतं आणि बाटलीत घेतलं की हिरवट. हाताखालची एक मुलगी फार हुशार आहे, पण घाईने नोंद करते, तिला थांबायला शिकवतोय. स्वयंपाकाचा माणूस मीठ दोनदा घालतो. खोलीच्या खिडकीखाली एक कुत्री व्याली आहे, पिल्लं सकाळी सगळी एकदम ओरडतात. ह्यांच्यात इतके शब्द आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. असतील की, नेहमीच असतील. मध्येच थांबून विचारलं, "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. पिल्लं किती आहेत?"

ह्यांनी सांगितलं, आणि मग प्रत्येकाचा रंग सांगितला. युकुलेले घेतल्याचं मी बोलले नाही. ह्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण हे भरात होते. मांडीवरच्या तारा माझ्या श्वासाने जराशा हलत होत्या. हे बोलत होते, आणि त्या मध्येच वाजू नयेत म्हणून मी त्यांच्यावर तळहात दाबून बसले होते.